मुंगीबरोबर फिरलेला सलाइनचा स्टँड

मित्रांनो, मुलांच्या वॉर्डातला मी एक जुना सलाइनचा स्टँड. एक दांडा, वर आकडे, खाली पाच चाकं. त्यातलं एक कायम रुसलेलं. कारखान्यातून आलो तेव्हा चकाकत होतो. इथे डॉक्टरांचं कौतुक होतं, औषधांचं होतं. स्टँडचे आभार मानलेले मी तरी ऐकले नाहीत. बरी झालेली मुलं मागे वळून बघत नाहीत, आणि तेच बरं. माझ्या धंद्यात जुनी ओळख निघणं ही वाईट बातमी असते.

मुंगी परत आली तेव्हा ते मला कळलं. मुंगी हे तिला बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. तिच्या फुप्फुसात एक दुर्मीळ, दांडगट कॅन्सर झाला होता. उपचारांनी गेला, आणि पुन्हा उगवला. तिने मला चाकावरून ओळखलं.

"हाच हवा. कुरकुरतो, पण ऐकतो."

डॉक्टरीणबाई पलंगावर टेकल्या. "या वेळी औषधं, ऑपरेशन, किरणं, सगळं मिळून करायचं."

"सगळे मिळून एकट्यावर? ही तर चीटिंग!"

"हो. याच्याशी चीटिंगच करायची."

आईने हळूच विचारलं, "जाईल ना?"

"खात्री देत नाही. प्रयत्न पूर्ण करू."

मग माझा एकही आकडा रिकामा राहिला नाही. मुंगीचे केस गेले, भूक गेली. मैत्रिणी तर आधीच गेल्या होत्या.

"आई, कोणी फोनसुद्धा का करत नाही गं?"

"परीक्षा असेल."

"सुट्टीत?"

आई भरलेल्या पेल्यात पाणी ओतत राहिली. एका मैत्रिणीच्या आईने मुंगीच्या आईला विचारलं होतं, "लागत तर नाही ना हे?"

शेवटच्या तपासणीत गाठ दिसली नाही. डॉक्टरीणबाई 'बरी झाली' म्हणाल्या नाहीत. "बघत राहू," म्हणाल्या. मुंगी घरी गेली. मी कोपऱ्यात उभा आहे. मला वाट बघायचीही सोय नाही. मुंगीची वाट बघणं म्हणजे तिचा आजार परत मागणं.

मित्रांनो, कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मुंगीसारखी कोणी तुमच्या वर्गात आली, तर टोपीखाली डोकावू नका, खेळायला बोलवा. जिना चढताना ती दम लागून मध्येच थांबेल. तुम्हीही थांबा. मी थांबलो असतो. पण चाकांना जिना चढता येत नाही.