आसामचा तास

मी एक जुनं, काच तडकलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे, मित्रांनो. वऱ्हाडातल्या इंझोरीत, रामरावांच्या शेतातल्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, तुटक्या दाव्यांच्या ढिगाखाली पडलो आहे. तुम्ही म्हणाल, बिघडलं असेल बिचारं. कसलं बिघडतंय! आजही किल्ली द्या, टिकटिक करून दाखवतो.

माझी उमेदीची वर्षं आसामात, चहाच्या मळ्यात गेली. तिकडे सूर्य आपल्या कितीतरी आधी उगवतो, आणि रेडिओवरची वेळ मात्र साऱ्या देशाला एकच. म्हणून मळ्यात माझा काटा तासभर पुढे ठेवत. त्याला म्हणायचे 'बागान टाइम'. बायका लवकर पत्ती खुडायला यायच्या, तशा उजेड असताना घरीही जायच्या.

बांगलादेशची लढाई संपली, तेव्हा इंझोरीचा देवमन फौजेत तिकडेच होता. मळ्याने मोडीत काढलेल्या मला तो मांडीवर घेऊन गावी आला. त्याच्या बायकोने, लिलाबाईने, मला पदराने पुसलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

दुसऱ्याच दिवशी रामराव दारात. "देवमन, तुह्या घरी याचं काय काम? माह्या कोठ्यावर लाव, साऱ्या बायाइले कामी यीन."

लिलाबाई त्यांच्याच शेतात निंदायला जायची. नाही म्हणायची सोय कुठे होती? भोळ्या देवमनने वर बागान टाइमही समजावून सांगितला आणि तो पलटणीत परतला.

रामरावांना आयतंच कोलीत मिळालं. सकाळी माझा काटा आसामसारखा पुढे. "वाजले पाह्य किती! आता येऊन राह्यल्या?" आणि दुपारी बायका भाकरी खायला बसल्या, की तोच काटा मागे, खऱ्या वेळेच्याही मागे, म्हणजे सुटी लांबली. मग एकटेच हसायचे, "सकाळी आसाम, सांजीले द्वारका. पुरा देश एका भिंतीवर!" श्रावणात आभाळ भरलेलं, सूर्य दिसेल तर शपथ. बायका बिचाऱ्या माझ्याकडे बघायच्या. आणि मी? काटा जिकडे फिरवतील तिकडे फिरणारा हुकमाचा ताबेदार!

अशाच एका अंधारल्या दुपारी निरोप आला. कारंज्याला लिलाबाईची आई, रुख्मिणी, अखेरच्या घटका मोजत होती आणि लेकीचं नाव घेत होती. संध्याकाळची एसटी ही दिवसाची शेवटची गाडी. लिलाबाईने खुरपं टाकलं. "रामरावजी, मी जातो. गाडी हुकंन."

"कायले घाई करून राह्यली वं? घड्याळ पाह्य ना. गाडीले अजून तास हाये. हातचं तास काढ, मंग जाय."

वऱ्हाडात पिकाच्या ओळीलाही तासच म्हणतात. लिलाबाईने माझ्याकडे पाहिलं, विश्वास ठेवला आणि पुन्हा खाली बसली. रडत रडत तिने ते तास निंदून काढलं. मग चिखलातून सडकेपर्यंत धावली. गाडी केव्हाच गेली होती. सकाळच्या गाडीने पोचली, तेव्हा आईला मातीत ठेवून लोक परत फिरले होते.

ती कामावर आली तेव्हा बायका कुजबुजू लागल्या. रामराव कसले खट! सगळ्यांसमोर मला खिळ्यावरून उतरवलं. "या भंगारानं घात केला. आनलं तं तुह्याच नवऱ्यानं ना!" आणि मला कोपऱ्यात भिरकावलं. काच तेव्हाच तडकली.

लिलाबाई माझ्याजवळ आली. म्हणाली, "माह्या मायचं तोंड पाहू नाही देलं तुनं." देवमन सुटीवर आला तेव्हा त्यालाही तिने हेच सुनावलं. आणि रामरावांना अजूनही ती रामरावजीच म्हणते.

मित्रांनो, घड्याळाला वेळच्या वेळी किल्ली द्या, तेल द्या, धूळ पुसा. पण घड्याळ चुकलं असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, काटा फिरवायचा हक्क कुणाकडे होता? लिलाबाईने ते विचारलं नाही. मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.