कपाटातल्या चार बाटल्या

विनिताचं आणि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ती माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्या होळी गावात आली तेव्हापासून तिचा डोळा माझ्या जागेवर आहे. जागा म्हणजे सुकेळ्यांच्या टोपलीपाशी उभं राहून वास घेण्याची.

आमच्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलायची, उन्हात मांडवावर पसरायची, संध्याकाळी गोळा करून सुक्या पानांत गुंडाळायची, सकाळी पुन्हा पसरायची. रोज असं केलं की केळं आक्रसत जातं आणि मधाच्या रंगाचं होतं. पण रंगावर जाऊन चालत नाही. वरून छान दिसणारं केळं आतून ओलं असू शकतं, आणि ओलं बांधलं की ताडीसारखं आंबतं. म्हणून शेवटचा निकाल नाकाचा. घरातली मोठी बाई टोपलीवर वाकते, वास घेते आणि ‘काढा’ म्हणते. तिने म्हटल्याशिवाय आमच्याकडे एक सुकेळं बांधलं जात नाही. सासूबाई थकल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून हे काम माझ्या हाती दिलं. त्या गेल्यावर दागिन्यांची वाटणी झाली तेव्हा मी भांडले नाही, कारण मला हे मिळालं होतं.

आणि गेल्या गणपतीत माझं नाक गेलं.

ताप आला, उतरला, सर्दीही गेली. वास मात्र परत आला नाही. फोडणी जळाली तरी मला धूर डोळ्यांनी दिसायचा. मोदकाचं सारण तोंडात घातलं तर नुसतं गोड लागलं, बाकी काही नाही. मी घाबरले. पण त्याहून जास्त मला राग आला, कारण हे विनिताला कळलं तर ती काय करील ते मला ठाऊक होतं.

शेजारच्या पापडी गावात नाकाच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. घरी सांगितलं, दात दाखवायला जाते. डॉक्टर म्हणाले, “काकू, वासाची नस दुखावलीय. परत येईल असं धरून चाला, पण शब्द देत नाही. सकाळ-संध्याकाळ चार वेगळे वास घ्यायचे. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. तेलांच्या बाटल्या सोप्या पडतात. हुंगताना तो वास मनात आठवायचा. आणि मधूनच नसलेले वास आल्यासारखे वाटतील, त्याने हुरळून जाऊ नका.”

आमच्या बाजारात अशा बाटल्या मागितल्या असत्या तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. म्हणून मी नालासोपाऱ्यात आचोळ्याला गेले. तिथे एका बिल्डिंगमध्ये ज्ञानदा नावाची मुलगी सुगंधी तेलांचे उपचार करते. हॉलमध्ये मंद दिवा, मागे पाण्याचा आवाज करणारं यंत्र, आणि भिंतीवर कुठलं तेल कशाला याचा तक्ता. झोपेला लॅव्हेंडर, मळमळीला पुदिना, गुडघ्याला निलगिरी, आणि रागाला सुद्धा काहीतरी होतं. मी म्हटलं, “रागाचं नको, तो माझ्या उपेगाचा हाय.”

ती हसली. खरं सांगायचं तर मुलगी मला वाटली तेवढी लबाड निघाली नाही. म्हणाली, “काकू, नाक परत येईल अशी हमी मी देत नाही. तेल फक्त हुंगायचं. अंगाला, तोंडाला कच्चं लावायचं नाही. लवंगेचं तर मुळीच नाही, चामडी भाजते.” मग गुलाबाची बाटली हातात देताना म्हणाली, “हे अस्सल आहे. थंडीत थिजेल, तेव्हा खराब झालं असं समजू नका. थिजतं तेच खरं.”

त्या चार तपकिरी बाटल्या मी कपाटात साड्यांच्या खाली लपवल्या. सकाळी सगळे कामात असताना आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खोलीचं दार लावायचं आणि हुंगायचं. काही येत नसे. तरी मी डोळे मिटून आठवत बसायची. लवंग म्हणजे मसालेभात. लिंबू म्हणजे आजारपणातलं सरबत. गुलाबाला आठवण सापडेना, म्हणून लग्नातला हार आठवायची.

आता मूर्खपणा कुठला, तो ऐका. जिला वास येत नाही ती बाई वासाच्या बाटल्या कपडे ठेवायच्या कपाटात लपवते! माझ्या साड्यांना, माझ्या अंगाला, माझ्या खोलीला निलगिरी आणि लवंग येत होती आणि ते कळत नव्हतं फक्त मला. माझे यजमान बळीराम एकदा म्हणाले, “तुझ्या साडीला दवाखान्यासारखा वास का येतो गो? कोन आजारी हाय?” मी म्हटलं, “डांबरगोळ्या ठेवल्यात.” ते गप्प बसले. त्यांना एवढंच पुरतं.

विनिता गप्प बसणारी नव्हती. पण त्या वेळी ती मला काही बोलली नाही, आणि तिथेच मी चुकले. विनिता बोलत नाही म्हणजे तिला काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले.

दिवाळीनंतर सुकेळ्यांचा हंगाम लागला. मी टोपलीवर वाकायची, डोळे मिटायची, सगळं साग्रसंगीत करायची. पण निकाल देत होते बोटांनी आणि डोळ्यांनी. पहिली रास निभावली. दुसऱ्या राशीला पापडीचा दुकानदार ॲन्सेल्म स्वतः पिशवी घेऊन परत आला. ओटीवर पिशवी ठेवली आणि म्हणाला, “सत्यवतीबाय, असं तुमच्या घरचं कधी झालं नव्हतं. सगळी आंबली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विनिताने पिशवी उघडली, नाकाला पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ऊन कमी पडलं असेल. वहिनींचं नाक कसं चुकेल?” बोलताना माझ्याकडे बघत होती. माझा धाकटा दीर प्रल्हाद, तिचा नवरा, खाली बघत होता. त्या दिवशी तिचा गळा धरावा असं मला वाटलं, आणि ते मी लपवणार नाही.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. या वर्षीची मोठी रास संक्रांतीनंतर निघते. तोपर्यंत बाटल्यांनी काही दाखवलं नाही, तर वास घ्यायचं काम सोडायचं. दुसऱ्यांदा आंबलेली पिशवी या ओटीवर येऊ द्यायची नाही. काम जाणार कुणाकडे? घरात दुसरी बाई एकच होती.

मग मी हट्टाने हुंगू लागले. डॉक्टरांनी सांगितल्याहून जास्त, नाक चुरचुरेपर्यंत. बाटल्या तशाच मुक्या. एकदा विहिरीपाशी ओल्या मातीचा वास आल्यासारखं झालं. एकदा गूळ चिरताना काहीतरी गोडसर नाकात गेलं. धावत खोलीत आले, लवंगेची बाटली उघडली, तर काही नाही. लवंगेसारखा दांडगा वास येत नाही आणि मातीचा येतो, असं कुठे असतं? डॉक्टर म्हणाले होते ते हेच भास, असं म्हणून मी स्वतःलाच दटावलं. माझा विश्वास बाटल्यांवर होता, नाकावर नव्हता.

त्याच दिवसांत विनिताची दाढ दुखत होती. गाल धरून बसायची, दवाखान्यात जायला घाबरायची, पेजेवर राहायची. मग दुखणं आपोआप कमी झालं म्हणे. हिरडीला फोड आले होते तरी बाई टुणटुणीत. केसांनाही हल्ली फार जपायला लागली होती. पापडीहून माझी मैत्रीण प्रिस्का नाताळचा केक घेऊन आली तेव्हा दारातच थांबून म्हणाली, “सत्यवती, काय झ्याक वास येतो गो तुझ्या घराला! लिंबासारखा. लादीला काय लावते?” मला तर काहीच येत नव्हतं. पण तसं म्हणायची सोय कुठे होती? मी म्हटलं, “नवी अगरबत्ती हाय.” विनिता आत पोछा पिळत होती. तिने मान वर केली नाही.

जानेवारीत थंडी पडली. एका सकाळी गुलाबाची बाटली उघडली तर तेल थिजलेलं. मला बरं वाटलं, ज्ञानदाने दिलेला माल अस्सल होता. मग लिंबाची बघितली, तीही थिजलेली. निलगिरी थिजलेली, लवंग थिजलेली. म्हटलं, वा, चारही अस्सल! हे मी आज लिहिते आहे तेव्हा माझे कान गरम होतात. जन्मभर थंडीत खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवणारी मी बाई, आणि पांढरं घट्ट तेल बघून मला खोबरेल आठवलं नाही. तपकिरी काचेतून मला अस्सलपणाच दिसला.

संक्रांत झाली. रास तयार होत आली. त्या सकाळी मी शेवटचं हुंगून बघितलं, बाटल्या कपाटात ठेवल्या आणि सगळ्यांना मांडवाकडे बोलावलं. ॲन्सेल्मही माल न्यायला आला होता. मी म्हटलं, “आजपासून वास विनिता घेईल. माझ्याच्यानं आता होत नाय.” बळीराम माझ्याकडे बघत राहिले. मला रडू येत होतं, पण विनितासमोर मी रडणार नव्हते.

ती नको-नको सुद्धा म्हणाली नाही. पदर खोचून पुढे आली, टोपलीवर वाकली, जरा वेळ घेतला आणि सरळ होऊन म्हणाली, “झाली. काढा.”

ते म्हणताना तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. आणि मला लवंग आली.

भास नव्हता. तिखट, गरम, जिभेच्या मुळाशी झोंबणारी, अख्खी लवंग. महिनोन् महिने डोळे मिटून जिला बोलावत होते ती या बाईच्या तोंडातून येत होती. मी एक पाऊल पुढे गेले. तिच्या केसांतून गुलाब आला. लग्नातला हार नव्हे, त्याच्याहून दाट, महागातला. मी तिथेच उभी राहिले आणि एकेक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. दाढ, फोड, प्रिस्काचं लिंबू, थिजलेल्या चार बाटल्या.

मग मी टोपलीवर वाकले. मधाचा वास होता, हो. पण त्याच्या खाली कच्चट ओल होती, सोललेल्या केळ्याची. केळी आतून सुकलेली नव्हती. ही रास आज बांधली असती तर पुन्हा पिशवी परत आली असती.

विनिता टोपली उचलू लागली. “ठेव ती खाली,” मी म्हटलं. “आत ओल हाय.”

“वहिनी, तुम्हीच आत्ता म्हणालात ना, की...”

“तोंडात माझी लवंग घालून राजेळीचा वास घेतेस? तुला काय डोंबल येनार!”

तिचा हात गालावर गेला. प्रल्हाद म्हणाला, “कसली लवंग?” मी घरात गेले, चारही बाटल्या आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या. त्याने एक उघडली, हुंगली, दुसरी हुंगली आणि म्हणाला, “वयनी, हे तर खोबरेल हाय. सगल्यात.”

विनिता मग चिडली. चोरी पकडली की तिला नेहमी राग येतो. “मग काय झालं? अख्ख्या घराला वास येत होता तुमच्या कपाटाचा. तुम्हाला कळत नव्हतं म्हणजे तुमचं नाक गेलं होतं, हे लहान पोरालाही समजलं असतं. नाहीतरी वायाच जात होतं ते तेल. माझी दाढ ठणकत होती, मी लावलं.”

“दाढेला लावलंस ते लावलंस. केसांना, लादीलाही लावलंस, निलगिरी कुठे जिरवलीस ते देव जाणे, तेही जाऊ दे. मांगितलं असतंस तर शिव्या घालून का होईना, दिलं असतं,” मी म्हटलं. “पन बाटलीत खोबरेल भरून परत ठेवलंस. मी रोज दार लावून ते हुंगत होते. मला वाटलं, माझं नाक मेलं. तू मला ते वाटू दिलंस.”

ॲन्सेल्म चपला घालू लागला होता, तो थांबला. बळीराम तिच्याकडे असे बघत होते की मलाही भीती वाटली. विनिताचा चेहरा उतरला, आणि मला त्याचा आनंद झाला. अजूनही होतो.

शेवटी तिने हळूच विचारलं, “वहिनी, खरंच येतो वास?”

“येतो. पहिला तुझाच आला.”

मी टोपली उचलून तिच्या पुढ्यात ठेवली आणि ॲन्सेल्मला दोन उन्हं झाल्यावर यायला सांगितलं. विनिता खाली बसून सुकेळी पुन्हा मांडवावर पसरू लागली. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले, आणि शेवटचं केळं पसरून होईपर्यंत तिथून हलले नाही.