डावा ड्रम, उजवा ड्रम

बापाची जुनी गाडी उघडणं म्हणजे बापाचं मन उघडणं, असं थोरल्या मुलाचं ठाम मत होतं. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक-ड्रम मात्र दुपारभर हातोडी खाऊनही उघडेना. उघडला तेव्हा आतून गंज, काळी भुकटी आणि गळलेलं ब्रेक ऑइल निघालं. मन वगैरे काही नव्हतं.

बाबांना सोमवारी वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. निदान त्यांच्याच गाडीतून न्यावं, म्हणजे टाकून आल्यासारखं वाटणार नाही, ही थोरल्याची कल्पना. धाकट्याला ती चक्क पटली. पण दादाच्या हाताखाली काम करायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने उजवं चाक घेतलं. वाटण्या करायची घराला सवयच होती.

नवे ब्रेक लायनर बसवायची वेळ आली, तेव्हा फरशीवर स्प्रिंगांचे दोन ढीग होते.

"तुझ्या बाजूचं बघून लावतो," थोरला म्हणाला.

"मी तुझ्या बाजूचं बघणार होतो."

"म्हणजे तूही सगळं सोडवलंस? अरे, बाबा काय सांगायचे? एक बाजू उघडली की दुसरीला हात लावायचा नाही. नमुना म्हणून ठेवायची!"

"मग तू कशाला हात लावलास?"

"मी आधी सुरू केलं!"

"हो, सुरू तूच करतोस. निस्तरायला मी."

शेवटी बाबांनाच खुर्चीसकट गॅरेजमध्ये आणलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता. थोरल्याने लांब स्प्रिंग वरच्या बाजूला अडकवून दाखवली.

"बरोबर," बाबा म्हणाले.

थोरल्याची पन्नाशी उलटली, पण बापाकडून हा शब्द त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता.

धाकट्याने मुकाट्याने तीच स्प्रिंग काढून खाली अडकवली.

"बरोबर," बाबा म्हणाले. त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा.

मग ज्याने त्याने आपापलं बरोबर करून टाकलं. गल्लीत गाडी चालवून पाहिली, तर ब्रेक दाबताच एक चाक जागच्या जागी जाम, दुसऱ्याला खबरच नाही. गाडी आडवी होऊन समोरच्या कुंपणाला टेकली.

"आता?" धाकटा म्हणाला.

थोरला बाबांचे कपडे भरायला आत गेला.

सोमवारी वृद्धाश्रमाची व्हॅन आली. तिचे ब्रेक उत्तम होते.