अर्ध्यावर थांबलेली बॅट

मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, खेळातला. मित्रांनो, बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे चेंडू पकडणारा बसतो, त्याला कॅचर म्हणतात, आणि कॅचरच्याही मागे पंच वाकून उभा राहतो. त्या पंचाच्या तोंडावर मी असतो. पोलादी सळ्यांची जाळी, आतून चामड्याच्या चार गाद्या आणि मागे ताणाचे पट्टे, एवढाच माझा संसार. चेंडू उसळला की आधी मला लागतो. माझ्या हनुवटीवर सात पोचे आहेत आणि प्रत्येक पोच्यामागे कुणाचा तरी शाबूत राहिलेला दात आहे, हे मी छाती नसतानाही छाती फुगवून सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डरबाईने सळ्या वाकवून जोडल्या, कानशीने टोकं घासली आणि मला जमिनीवर उपडं ठेवून ती स्वतः माझ्यावर उभी राहिली. मी जराही दबलो नाही. "हा टिकेल," असं म्हणून तिने मला बाजूच्या ढिगात टाकलं. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान होतं. आठवडाभर तो लोकांचे डोळे तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी पंचगिरी करायचा. चष्मेवालाच पंच झाल्यावर प्रेक्षकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. निर्णय विरुद्ध गेला की कुणीतरी ओरडायचं, "चष्मेवाले, दुकानातला एखादा स्वतःला पण लावा." तो वर हसायचा, पण आतून त्याला ते फार झोंबायचं. हे मला ठाऊक आहे, कारण त्याचे गाल माझ्या गाद्यांना टेकलेले असायचे आणि ते तापायचे. दुसऱ्यांच्या डोळ्यांतले दोष काढणाऱ्याने "मला दिसलं नाही" असं कसं म्हणायचं, हा त्याचा सल होता.

दुसरी पंच त्याची थोरली बहीण होती. ती टपाल वाटायची. पायांत दम आणि डोळ्यांत धार. फलंदाजाने धावत जाऊन गाठायचं पहिलं ठिकाण म्हणजे पहिला बेस, त्याच्याजवळच्या रेषेवर ती उभी राहायची. घरी न विचारता बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावाने भाजी कुठली आणावी, दुकानाला रंग कुठला द्यावा, सगळं ती सांगायची. मैदानावर मात्र तिच्या तोंडाला नियमाचं कुलूप होतं.

तो नियम तुम्हाला सांगायलाच हवा. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या टप्प्यात आला, किंवा फलंदाजाने बॅट फिरवून तो चुकवला, तर 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक म्हणजे बाद. चेंडू टप्प्याबाहेर, म्हणजे वाईट आला आणि फलंदाजाने तो सोडला, तर 'बॉल'. आता गंमत अशी, की फलंदाज कधीकधी बॅट फिरवायला निघतो आणि चेंडू वाईट आहे हे उमगून अर्ध्यावर थांबतो. खरंच थांबला तर बॉल. थांबता थांबता बॅट गेलीच, तर स्ट्राइक. हे मागून ठरवणं महाकठीण, कारण मागच्या पंचाची नजर चेंडूवर खिळलेली असावी लागते आणि बॅट नुसती डोळ्याच्या कोपऱ्यातून सरकून जाते. म्हणून नियमाने सोय केली आहे. शंका असेल तर मागच्या पंचाने 'बॉल' म्हणायचं आणि रेषेवरच्या पंचाकडे हात करून विचारायचं, "गेली का?" तिथून बॅट बाजूने स्वच्छ दिसते. त्या पंचाने मूठ वर केली तर गेली, हात आडवे पसरले तर थांबली. मात्र न विचारता त्याने अवाक्षर काढायचं नाही. आणि मागच्या पंचाने एकदा 'स्ट्राइक' म्हटलं, की मग विचारायची सोयही संपली.

आमचा चष्मेवाला कधी विचारायचाच नाही. "लहानपणापासून ताईला विचारतच आलोय. इथे तरी माझं मी ठरवतो," असं तो माझे पट्टे आवळताना पुटपुटायचा. त्याचा आवाज खणखणीत होता आणि खणखणीत आवाजाला लोक खरं मानतात. अशी नऊ वर्षं निभावली.

मग तो सामना आला. हंगामाचा शेवट होता आणि हरेल तो संघ घरी जाणार होता. फलंदाज होता एक वायरमन, शांत माणूस, दोन स्ट्राइक झालेले. चेंडू बाहेरून आला. वायरमन निघाला आणि थांबला. माझ्या सळ्यांतून मला चेंडू दिसला, कॅचरचा हातमोजा दिसला, बॅट दिसली नाही. मालकालाही दिसली नाही. तरी त्याने मूठ उगारली आणि तो गरजला, "स्ट्राइक, बाद." वायरमनने एकदा बॅटकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून तो निघून गेला. रेषेवर ताई ओठ घट्ट मिटून उभी होती.

घरी जाताना पिशवीची चेन उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"थांबली होती बॅट," ताई म्हणाली.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस?"



दुसऱ्या दिवशी मी दुकानात होतो. माझी एक गादी उसवली होती आणि मालकाने मला खुर्चीमागच्या खुंटीला लटकवलं होतं. दार उघडून वायरमन आत आला. मालकाचा चेहरा पांढरा पडला. भांडायला आला असणार, असं मलाही वाटलं.

"डोळे तपासायचेत," वायरमन म्हणाला. "काल मला वाटलं, मी बॅट थांबवली. तुम्ही एवढे जवळ होतात, तुम्ही म्हणालात गेली. म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय. आमचं काम तारांचं आहे हो. नजरेत फरक पडला तर जिवाशी खेळ."

मित्रांनो, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मालकाने त्याला खुर्चीत बसवलं. जड चौकट त्याच्या नाकावर चढवली, एकामागून एक काचा बदलल्या, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. वायरमनने सगळ्यांत खालची ओळ न अडखळता वाचली. मालकाने दुसऱ्यांदा तपासलं. त्याला वेळ काढायचा होता. "नंबर नाही, फक्त थकवा आहे" असं म्हणून त्याला सुटता आलं असतं.  मला फार भीती वाटली, की हा आता खोटं बोलणार.

"तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही," मालक शेवटी म्हणाला. "तुम्ही बॅट थांबवली होती. मला ती दिसलीच नाही. मी चेंडू पाहत होतो. ताईला विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

वायरमनने चौकट स्वतःच उतरवली.  मग तो म्हणाला, "रात्रभर मी माझ्या हातांना दोष देत होतो." आणि दार हळूच लावून गेला.

त्याच दिवशी मालक पंचांच्या प्रमुखबाईंकडे गेला. या बाई वाचनालयात काम करायच्या, त्यामुळे रागावल्या तरी हळू आवाजात. त्याने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या हंगामात पहिले तीन सामने मी येऊन बसेन. विचारायचं तिथे विचारलं नाहीस, तर मुखवटा उतरवायचा. आणि ऊठसूट सगळंच विचारत सुटलास, तरी उतरवायचा. ज्याला स्वतःचं काहीच ठरवता येत नाही, तो मागे उभा कशाला?"

नऊ वर्षांचा पंच तीन सामन्यांवर आला होता. पण मालकाने हाय खाल्ली नाही. त्याने कानाला खडा लावला आणि कंबर कसली. ताईच्या घरामागे लांबट अंगण होतं. तिथे त्याने चुन्याने रेषा आखल्या. चेंडू फेकायला ताईची लेक आली. आणि बॅट फिरवायला कोण आलं असेल? वायरमन. मालकानेच त्याला जाऊन विचारलं होतं. "येतो," वायरमन म्हणाला होता, "पण चहा तुमचा."

रोज संध्याकाळी चाळीस चेंडू. वायरमन कधी बॅट थांबवायचा, कधी मुद्दाम जाऊ द्यायचा आणि खरं काय ते शेवटी सांगायचा. पहिल्या दिवशी मालकाचे तेवीस बरोबर आले आणि ताईचे अडतीस. मालकाने मला काढून दगडावर आपटलं. ताई म्हणाली, "मुखवट्यावर कशाला राग काढतोस, छोट्या? तू माझ्या जागी ये."

तो रेषेवर गेला. तिथून त्याचे छत्तीस बरोबर आले. मग त्याला उमगलं, की हा डोळ्यांचा प्रश्नच नव्हता, जागेचा होता. त्या दिवसानंतर त्याने दोन गोष्टी घोटून घोटून हातात बसवल्या. बॅट उघडउघड गेली असेल तर स्वतः ठणकावून स्ट्राइक द्यायचा, दुसऱ्याच्या पदराआड लपायचं नाही. आणि तीळभर शंका असेल तर 'बॉल' म्हणून त्याच दमात हात ताईकडे करायचा. कॅचरने विनवण्या करेपर्यंत थांबायचं नाही, कुणी विनवलं म्हणून चिडायचंही नाही. माझ्या गाद्या घामाने भिजायच्या, वाळायच्या, पुन्हा भिजायच्या. मी मनात म्हणायचो, भिजू दे.

हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यात मालकाने घाबरून नऊ वेळा विचारलं. ताई वैतागली. "अरे, ती बॅट पार खांद्यामागे गेली होती. तेही मीच सांगू?" प्रमुखबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या सामन्यात त्याने दोनदाच विचारलं, आणि दोन्हीदा योग्य जागी.

तिसऱ्या सामन्यात समोर वायरमनचाच संघ होता. शेवटची पाळी, एका धावेने मागे, दोघे बाद, तिसरा बाद झाला की खेळ खलास, बेसवर कुणी नाही. वायरमन बॅट घेऊन आला आणि त्याच्यावर दोन स्ट्राइक झाले. मालकाचे गाल माझ्या गाद्यांना इतके घट्ट चिकटले होते, की मला त्याच्या नाडीचे ठोके लागत होते.

चेंडू खाली आला, अगदी मातीत. वायरमन निघाला आणि त्याने बॅट मागे ओढली. चेंडू कॅचरच्या पायाला लागून कुंपणाकडे घरंगळला. आता इथे नीट ऐका. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असला, तर फलंदाजाला तिकडे पळायची मुभा असते. पण स्ट्राइक आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर तो पळेल कसा? पंचाचा एकेक क्षण त्याच्या पायांतून वजा होतो.

"बॉल. गेली का?" मालकाने एका दमात म्हटलं आणि त्याचा हात केव्हाच ताईकडे गेला होता. ताईची मूठ वर आली. गेली होती.

वायरमन सुसाट सुटला. कॅचरने कुंपणापाशी चेंडू उचलून फेकला. वायरमनचा पाय बेसवर पडायच्या आधी, एका पावलाच्या फरकाने, चेंडू तिथे पोहोचला. ताईने पुन्हा मूठ वर केली. तो बाद झाला आणि त्याचा संघ हरला.

प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलंच, "काय चष्मेवाले, एवढ्या जवळून दिसलं नाही?"

पंचाने प्रेक्षकांना उत्तर द्यायचं नसतं. पण त्याने मला डोक्यावर सरकवलं आणि तो शांतपणे म्हणाला, "नाही दिसलं. जिला दिसलं तिला विचारलं." मी त्याच्या गालांवर नव्हतो, तरी ते तापलेले नाहीत हे मला कळलं.

वायरमन धापा टाकत परत आला. "या वेळी गेली होती," तो म्हणाला. "माझ्या मनगटालाच कळलं. पळायला तरी मिळालं." त्याने मालकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅट उचलून तो गेला.

प्रमुखबाईंनी वही मिटली. "मुखवटा राहू दे," त्या म्हणाल्या.

"अर्धेच सामने राहू दे," मालक म्हणाला. "अर्धे ताईला द्या."

मला वाटलं, ताई आता एक लांबलचक भाषण देणार. तिने नुसतं त्याच्या डोक्यावरून मला उचललं आणि माझे पट्टे ओढून पाहिले. पुढच्या सुट्टीला तिने मला तोंडावर चढवलं. माझे पट्टे दोन बोटं सैल करावे लागले. दुसऱ्याच फलंदाजाने बॅट अर्ध्यावर ओढली आणि माझ्या सळ्यांतून पुन्हा एकदा फक्त चेंडू दिसला. "बॉल," ताई म्हणाली आणि तिने हात भावाकडे केला. "गेली का?" आयुष्यभर त्याला सांगत आलेल्या ताईने त्याला काहीतरी विचारलं होतं. रेषेवर तो क्षणभर भांबावला. मग त्याने दोन्ही हात आडवे पसरले. थांबली. ताईने मान डोलावली आणि खेळ पुढे सुरू झाला.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. दोन सळ्यांना गंज धरलाय आणि एक पट्टा दोऱ्याने शिवलाय. वापरून झाल्यावर मला पिशवीत ओलं कोंबू नका, माझ्या गाद्या पुसा, मला वाऱ्यावर टांगा, म्हणजे मी आणखी काही वर्षं तुमचे दात सांभाळीन. पण माझ्यापेक्षा जास्त जपा ते समोर उभ्या असलेल्या माणसाला. तुमच्या एका शब्दावर तो आपल्याच हातांना दोष देत बसतो. जे दिसलं ते ठामपणे सांगा. जे दिसलं नाही, ते ज्याला दिसलं त्याला विचारा, आणि लगेच विचारा. उशिरा कळलेलं खरं घेऊन त्या माणसाला पळता येत नाही.