मनगटावरचे तीन ठिपके

"बाबा, फोटोआधी हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मग नाडी काय लांबून बघू?" बाबांनी शिकवणीवाल्या बाईंच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

लेकीने कपाळाला हात लावला. बाबा चिनी पद्धतीचे वैद्य. चाळीस वर्षं नाडी नि जीभ बघून औषध देत आलेले. त्यांच्या निदानाला जोड म्हणून तिने हा कॅमेरा आणला होता. अंगाची ऊब तो रंगात दाखवी, ऊन तिथे तांबडं, गार तिथे निळं. त्यासाठी पेशंटने आधी वीस मिनिटं स्वस्थ बसायचं, कुणी स्पर्श करायचा नाही. पण नाडीचा मान पहिला, यावर बाबा अडून बसलेले. मग काय, सुरुवातीला प्रत्येक फोटोत मनगटावर त्यांच्या बोटांचे तीन तांबडे ठिपके उमटायचे. "झाली का सही?" ती चिडवायची, आणि म्हातारा खुलायचा.

"पोटात थंडी साठलीय," बाबा म्हणाले. "औषध वाढवतो."

"अहो, त्या गरम औषधाने माझं तोंड आलंय. पाणीसुद्धा झोंबतं!"

फोटो स्क्रीनवर आला. पोट चांगलं ऊबदार, तांबूस. मनगटावर मात्र तीन निळे ठिपके होते.

तिने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तिने जुने फोटो काढले. ठिपके आधी तांबडे, मग पिवळट, आणि गेले आठ महिने निळे; तिचं लक्ष मनगटाकडे गेलंच नव्हतं. त्याच आठ महिन्यांत बाबांनी ज्याच्या त्याच्या कागदावर थंडी लिहिली होती. थंडी पेशंटच्या पोटात नव्हतीच, ती बाबांच्या बोटांत होती. सांगावं, तर त्यांचा सगळा जन्म त्या तीन बोटांवर उभा. न सांगावं, तर बाईंच्या तोंडाने काय पाप केलं होतं?

"बाबा, कॅमेरा तपासायचाय. जरा समोर हात धरा."

स्क्रीनवर तळवा उमटला. पुढे, बोटांच्या जागी, खोलीइतकाच गार काळोख.

"आणि बोटं कुठे गेली?" बाबा हसले. मग हळूहळू त्यांचं हसू मावळलं. त्यांनी बोटं हलवून पाहिली.

"नाडी लागते का हो बाबा?" तिने विचारलं.

"वाटायचं, नाडी खोल गेलीय, म्हणजे थंडीच. जरा दाबून धरली की लागेल." त्यांनी हात मांडीवर घेतला. "बाईंना फोन कर. औषध बंद करा म्हणावं. चूक वैद्याची झाली, हेही सांग. बाकीच्यांनाही कळवायला हवं."

तिने फोन केला. परत आली, तर बाबा पेशंटच्या स्टुलावर बसले होते, बाही वर सारून.

"धर. तीन बोटं. दाबू नकोस, नुसती ठेव. काय लागतंय?"

नाडी बारीक होती, मध्येच अडखळत होती. "चांगली आहे, बाबा."

"पेशंटशी खोटं बोलायचं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "पुन्हा बघ."

तिने पुन्हा बोटं टेकवली आणि या वेळी जे लागलं ते सांगितलं. बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतःच मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं. निळसर कातडीवर तीन तांबडे ठिपके उमटले होते.

"झाली सही," बाबा म्हणाले.

ठिपके फिके होत गेले. दिसेनासे झाल्यावर बाबांनी बाही खाली ओढली, आणि बटण त्यांच्या बोटांना सापडेना, तेव्हा ते तिने लावून दिलं.