धावपट्टीवरचा चहा

उत्तरेचा उन्हाळा सरत होता. ध्रुवाकडच्या त्या वृक्षहीन माळावर शरद आरक्त पावलांनी उतरला होता. खुरट्या झुडपांची पानं रक्तवर्ण झाली होती, शेवाळ ताम्रवर्ण. आणि माळाच्या कडेचं ते विशाल तळं नीलमण्यासारखं निश्चल, निष्पाप दिसत होतं.

तळ्यालगत एक धावपट्टी पडली होती. खडीची, लांबलचक, एकाकी. पलीकडच्या टेकडीत सोन्याची खाण होती तेव्हा इथे विमानं उतरत. माणसं आणत, यंत्रं आणत, सोनं नेत. मग खाण संपली. सोनं गेलं, माणसं गेली, विमानं गेली. खडीतून गवत उगवलं, आणि वारा दाखवणारं कापड खांबावर चिंध्या होऊन फडफडत राहिलं. न येणाऱ्यांना दिशा दाखवत.

त्या दिवशी मात्र एक चिमुकलं विमान उतरलं. त्यातून आली हेमांगी टेंभेकर; मूळची साताऱ्याकडची, पाणी तपासणारी, खाणीच्या कंपनीनेच नेमलेली. तळ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन तिला लगेच परतायचं होतं.

विमानाचा आवाज ऐकून काठच्या वस्तीतून दोघी चालत आल्या. म्हातारी मॅडलिन, तिथल्याच मूळच्या डेने आदिवासींतली; आणि तिची लेक सेलीन, पूर्णगर्भा, मंथरगती. पाहुणी आली म्हणून म्हातारीने तिथेच काटक्या पेटवल्या, तळ्यातून किटली भरून आणली. धूर सरळ वर गेला. चहाचा सुगंध थंड हवेत पसरला.

"गारठली असशील पोरी. घे."

हेमांगीचा हात पुढे झाला नाही.

"मी चहा घेत नाही," ती म्हणाली.

तिच्या शेजारी, नमुन्यांच्या खोक्यावर, तिचा स्वतःचा थर्मास उघडा होता. त्याच्या झाकणातून चहाची वाफ निवांत वर चढत होती.

मॅडलिनने ती वाफ पाहिली. मग हातातल्या कपाकडे पाहिलं. त्याची कड तिने पदरासारख्या लोंबणाऱ्या शालीने हळूच पुसली.

"कप धुतलेला आहे," ती म्हणाली. रागाने नाही, अपराध्यासारखी.

आणि हेमांगीच्या कानशिलांत रक्त उसळलं. सात समुद्रांपलीकडची एक विहीर तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. उन्हाने तापलेली, काळ्या दगडांची. काठावर काकू, हातात कळशी; आणि खाली दूर, ओंजळ पसरून वाकलेली गावकुसाबाहेरची सोनाई. वरून धार, खाली ओंजळ. मध्ये न शिवण्याएवढं अंतर. परकरातली हेमांगी तेव्हा लाजेने जळली होती. असं मी कधी करणार नाही, म्हणाली होती.

आज ती काठावर होती.

गप्प राहिली असती तर म्हातारीने एवढंच समजून घेतलं असतं, की हिला आमचा कप चालत नाही. आणि खरं त्याहून काळं होतं.

सेलीनने आपला कप ओठांना लावला.

"पिऊ नकोस!" हेमांगीचा आवाज फाटला. "कप नाही, मावशी. पाणी. तळ्यात आर्सेनिक उतरलंय, खाणीच्या गाळातून. विष आहे ते."

सेलीनचा एक हात पोटावर गेला. "उकळलं तरी?"

"उकळून ते जात नाही."

वारा पडला. लाल पानं थांबली.

"तुला कधी कळलं?" मॅडलिनने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यात." हेमांगीची मान खाली गेली. "कंपनी म्हणाली, पुन्हा तपासू, मग सांगू."

"गेल्या उन्हाळ्यात," म्हातारीने शब्द जिभेवर कडू मुळीसारखे फिरवले. "तेव्हा हे पोर पोटात नव्हतं."

एवढंच. ना शिवी, ना शाप. लेकीच्या हातातला कप तिने घेतला, खडीवर उपडा केला, किटली विस्तवावर उपडी केली, आणि लेकीला धरून ती वस्तीकडे वळली. विझलेल्या काटक्या चरचरत राहिल्या.

"निघायचं?" वैमानिकाने हाक दिली. "हवा बिघडतेय."

"तू जा," हेमांगी म्हणाली. ती त्या दोघींच्या मागे चालू लागली. सोबत नव्हे, मागे.

वस्तीच्या सभागृहात ती सगळ्यांपुढे उभी राहिली. जे सांगायचं ते सांगितलं. जे लपवलं होतं तेही. आयांनी आपापल्या मुलांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांनी तळहातांकडे. आणि त्या अथांग, आर्द्र, आरोपहीन डोळ्यांपुढे तिला नजर ठेवायला जागा उरली नाही. कोपऱ्यातली सेलीन मात्र तिच्याकडे पाहतच नव्हती. ती पोट कवटाळून खिडकीबाहेर बघत होती.

मग माणसं उठली. तळं ओलांडून टेकडीपलीकडे एक ओढा होता, खाणीच्या वरच्या अंगाचा, दूरचा, अजून निर्मळ.

सांज केशरी झाली, जांभळी झाली. निळ्या, नितळ, विषारी पाण्यावरून होड्या निघाल्या, एकामागून एक. आणि प्रत्येक होडीत रिकामी भांडी एकमेकांवर आदळत होती, मंद, मंद, दूर जात, दूर जात.