सैल वाकी

मित्रांनो, बायका दंडात घालतात ना, तशी मी चांदीची एक जुनी वाकी आहे. अमळनेरच्या सोनाराने मला घडवलं, फिरकीचं मळसूत्र बसवलं, आणि एकोणीसशे त्रेपन्न साली वच्छलाच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या डाव्या दंडात चढवलं. अंगाने भरलेली पोर होती ती. दंडाच्या आतल्या बाजूला तिची नाडी मला टकटक लागायची. विहिरीवर बाया मला हात लावून बघायच्या, तेव्हा मी नाही म्हटलं तरी जरा फुगायचे.

पुढे तिला बारीक ताप येऊ लागला. ती वाळली. मी सैल होऊन कोपरापर्यंत घसरू लागले. आणि एक गोष्ट फक्त मलाच कळत होती, माझ्याखालची टकटक मंद होत होत थांबली. वच्छलाने काय करावं? चिंधीची घडी माझ्याखाली कोंबली, म्हणजे मी जागची हलणार नाही आणि तिचं वाळणं कुणाला दिसणार नाही. दुखणेकरी सुनेला माहेरी धाडतात आणि परत आणत नाहीत, हे तिने शेजारच्याच घरात पाहिलं होतं.

मग कापूस वेचता वेचता तिचा हात गळून पडू लागला. सासूने, तानुबाईने, दंडात गच्च रुतलेली मी पाहिली.

"हाई वाकीनीच नस दाबी टाकी," ती म्हणाली.

वच्छलाने चिंधी गुपचूप कनवटीला खोचली आणि मला काढून सासूच्या हाती दिलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिची डावी नाडी चाचपली, ती लागेना. दंडावर वळ होताच. "वाकी फार घट्ट होती का?" त्यांनी विचारलं.

मी जीव मुठीत धरून बसले. मी सैल होते हे सांगणारी जगात ती एकटीच होती. वच्छलाने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हां, घट्टच व्हती."

जिच्या अंगाला मी रात्रंदिवस बिलगून राहिले, तिनेच माझा केसाने गळा कापला. आता नस आपोआप मोकळी होईल, असं डॉक्टर म्हणाले. मला फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या मडक्यात टाकलं.

अख्खा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. हात सुधारला नाही. उलट एके दिवशी पाणी भरताना ती चक्कर येऊन पडली. तेव्हा नवरा, झुलाल, तिला धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गुन्हेगार म्हणून मलाही बरोबर नेलं.

त्यांनी दोन्ही हातांचा रक्तदाब पाहिला. गळ्याच्या हाडावर नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला तिच्या दंडात घालून फिरकी पुरती आवळली. मी सरळ मनगटापर्यंत घरंगळले.

"ही काय नस दाबणार?" ते म्हणाले.

वच्छला रडू लागली आणि चिंधीचं सगळं बोलून गेली.

"हिच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आली आहे," डॉक्टर झुलालला म्हणाले. "ताप, वाळणं, नाडी जाणं, सगळं त्याचंच. वाकीचा काही दोष नाही. मुंबईहून नवं औषध मागवू, म्हणजे सूज पुढे पसरणार नाही आणि उजवा हात तरी वाचेल. डावी नाडी मात्र आता परत येईलसं वाटत नाही. हे आधी कळायला हवं होतं."

"तू माले का सांगं नही?" झुलालने विचारलं.

"तुम्ही माले माहेर धाडशात, म्हनीसन."



आज वच्छला बरी आहे. मी पुन्हा तिच्या डाव्या दंडात आहे. मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, पण आता तो एकट्या तिच्यावर नाही. घरातलं माणूस "दुखतंय" म्हणायला भीत असेल, तर दागिन्यांना दोष देऊ नका, त्याची भीती आधी घालवा. मी रोज कान लावून बसते. माझ्याखाली अजून काही वाजत नाही.